घंटेला बांधलेला रुमाल

४ मार्च

साडूबुवा,

आधी तक्रार, मग क्षेमकुशल. तक्रार गंभीर आहे, तेव्हा बसून वाचा. बसायला तुमच्याकडे काय आहे कोण जाणे, कारण तुमची आरामखुर्ची माझ्याकडे आहे आणि तक्रार तिच्याविषयीच आहे.

परदेशी निघताना 'जरा सांभाळा' म्हणून ती तुम्ही आमच्या पुढच्या खोलीत आणून ठेवलीत. खुर्ची आली, पण तिच्यापुढे पाय ठेवायचं ते गुबगुबीत स्टूल काही आलं नाही. चौकशीअंती कळलं की धाकटीने ते शेजारच्या डॉक्टरीणबाईंना देऊन टाकलं. विश्वासाने सांभाळायला दिलेल्या वस्तूला जुन्या शास्त्रात निक्षेप म्हणतात, आणि निक्षेप अखंड असावा लागतो. तुम्ही मला अर्धा निक्षेप दिलात. त्याचा परिणाम असा की माझी पाठ स्वर्गात आहे आणि पाय अधांतरी.

आमची ही, म्हणजे धाकटीची ताई, म्हणते, "सांभाळायला दिलेल्या खुर्चीत बसायचं नसतं." मी म्हटलं, "बसल्याशिवाय ती शाबूत आहे हे कळणार कसं?" तेव्हा मी रोज जेवणानंतर तपासणी करतो. रविवारी दोनदा.

बाकी ठीक. खात्यात सध्या एक मोठा मसुदा माझ्याकडे आहे. कशाचा, ते सांगायची सोय नाही. संस्कृत शिकून कायदा खात्यात मसुदे लिहीत बसलेल्या माणसाला एकदा तरी 'स्वामित्व' हा शब्द सरकारी खर्चाने वापरायला मिळावा, तो मिळतो आहे, एवढंच समजा. एका कलमावर तर मी स्वतःच लुब्ध आहे.

तुमच्या कंपनीच्या मुख्य कचेरीत तुम्ही मजेत असाल. साहेबांना मात्र माझा नमस्कार सांगू नका. पुढे अवघड जाईल.

तुमचा,
थोरला साडू

*

१५ मार्च

साडूमहाराज,

तक्रार पोचली. उभ्यानेच वाचली.

स्टूल धाकटीने मुद्दाम दिलं. तिचं म्हणणं, स्टूल असतं तर तुम्ही खुर्चीतून उठलाच नसता आणि ताईंना ताट तिथे आणून द्यावं लागलं असतं. खुर्ची माझी आहे, हे विसरू नका. तिचा उजवा हात ढिला आहे. त्यावर भार देऊन उठत जाऊ नका. तुम्ही तसेच उठता, मी पाहिलंय.

इथे मी दिवसभर नव्या भट्टीचे नकाशे काढतो. खोली उबदार, माणसं सभ्य, कॉफी हवी तेवढी. पण इथे घंटा नाही. आपल्या काचेच्या कारखान्यात दर वीस मिनिटांनी होते ना, ती. तुम्ही एकदा विचारलं होतं की तुमच्याकडे जेवणाच्या सुट्ट्या किती हो. जेवणाची नव्हे ती. भट्टीत ज्योत काही वेळ डावीकडून सोडतात, मग उजवीकडून. घंटा झाली की भट्टीवाला दांडा ओढतो आणि ज्योत बाजू बदलते. एकाच बाजूने जळत राहिली तर समोरची बाजू भाजून निघते. पूर्वी दोन पाळ्यांचे दोघे आपापल्या अंदाजाने ओढायचे आणि भांडायचे, म्हणून नियम मीच केला. घंटेशिवाय दांड्याला हात लावायचा नाही.

आणि भट्टी विझवायची नसते. कधीच. आतली काच गोठली की भट्टी म्हणजे एक मोठा धोंडा, फोडूनच टाकावी लागते. पेटवल्यापासून ती एकदाही थंड झालेली नाही. तिच्या छताची कमान मी समोर उभं राहून बांधून घेतली आहे, एकेक वीट हातात घेऊन. कधी तिकडून गेलात तर घंटा ऐका आणि कळवा.

कसला मसुदा? साहेबांना नमस्कार सांगू नका म्हटलंत, तेव्हापासून चैन नाही.

तुमचा,
धाकटा साडू

*

२ एप्रिल

साडूबुवा,

कळलंच असेल. तुमच्या कंपनीचा कारखाना आता आमचा झाला. आमचा म्हणजे सरकारचा, आणि सरकारचा म्हणजे, मंत्रिमहोदयांच्या शब्दांत, जनतेचा. जनतेच्या वतीने प्रशासक म्हणून माझी नेमणूक झाली आहे. काचेविषयी मला एवढंच माहीत आहे की ती फुटते. मंत्रिमहोदयांना तेही नवीन होतं.

अध्यादेश माझ्या हातचा आहे. कलम चार वाचा आणि मग बोला: 'कारखान्याशी संबंधित सर्व वास्तू, वस्तू आणि व्यक्ती शासनाधीन होतील.' वास्तू, वस्तू आणि व्यक्ती. अनुप्रास बघा. मूळ मसुद्यात वास्तू आणि वस्तू एवढंच होतं, पण वाक्य लंगडत होतं. तिसरा पाय मी दिला. मंत्रिमहोदयांनी ते दोनदा मोठ्याने वाचलं.

मोजदाद झाली. प्रत्येक वस्तूला पितळी बिल्ला बसला, 'सरकारी मालमत्ता'. कारखान्यातल्या मांजरीच्या गळ्यातही कोणीतरी एक अडकवला. ती तो घेऊन कुंपणाबाहेर गेली, ती अजून आलेली नाही. सरकारी मालमत्तेची ही पहिली गळती. एक बिल्ला उरला, तो मी घरी आणून तुमच्या खुर्चीला ठोकला. रागावू नका, कायदेशीर बाजू ऐका. वस्तू या भूमीवर आहे, मालक परदेशी बसला आहे, आणि तिचा वापर लोकहितासाठी चालू आहे. लोक म्हणजे मी. योग्य मोबदला मिळेल. तो ठरवायला समिती नेमली आहे. समितीत मी आहे.

ताबा घेण्याचा समारंभ भट्टीसमोरच केला. तुमच्या घंटेने मात्र लाज काढली हो. मंत्रिमहोदय 'आजच्या या ऐतिहासिक क्षणी' म्हणायचे आणि ती ठणठणायची. एकदा झालं, दोनदा झालं, लोक हसायला लागले. शेवटी मीच शिडीवर चढलो आणि टोल देणाऱ्या त्या हातोडीला माझा रुमाल घट्ट गुंडाळला. पुढचं भाषण निर्विघ्न पार पडलं, आणि ते लहान नव्हतं. 'काचेसारखा पारदर्शक कारभार' हे शब्द किती वेळा आले याची मोजदाद तेवढी राहिली. भट्टीवाला दांड्यापाशी उभा राहून सारखा हात वर करत होता. मला वाटलं, आभाराचे दोन शब्द बोलायचे असतील. मी खुणेनेच म्हटलं, नंतर. रुमाल संध्याकाळी आठवणीने सोडून आणला. चांगला होता.

आता थट्टा बाजूला. मला हे योग्य वाटतं. वाळू आपल्या नदीची. तिचा करार झाला तेव्हा आपल्या बाजूने सही करणाऱ्याला नाही म्हणायची सोय नव्हती, हे तुम्हीही जाणता. इतकी वर्षं नदी खरवडली गेली, काच परदेशी गेली आणि गावाला मिळाल्या त्या फुटक्या बाटल्या. ज्याची भूमी त्याला एका मर्यादेनंतर 'पुरे' म्हणायचा अधिकार असलाच पाहिजे. कायदा करून, कारण सांगून आणि मोबदला देऊन. हे तिन्ही आम्ही करतो आहोत.

घंटा ऐका म्हणाला होतात. ऐकली. आवाज बरा आहे, फक्त तिला प्रसंगाचं भान नाही.

तुमचा,
प्रशासक (घरी: थोरला साडू)

*

१३ एप्रिल

साडूमहाराज,

रुमाल किती वेळ होता?

खुर्चीचं मागाहून बघू. भाषण किती चाललं, ते लिहा. मग कारखान्यात जा, डोळे दिपू नयेत म्हणून तिथली निळी काच डोळ्याला लावा आणि भट्टीच्या दोन्ही बाजूंच्या झरोक्यांतून वर कमानीकडे बघा. विटांच्या खालच्या कडा सरळ आहेत की मेणबत्तीसारखे ओघळ लोंबताहेत? बघून लिहा. तुमच्या भाषेत नको, साध्या भाषेत लिहा.

आता तुमच्या अधिकाराचं. करार वाईट होता, मान्य. मग करार बदला म्हणून बसायचं होतं समोरासमोर. तुम्ही बोलावलंत, शब्द दिलात, जागा दाखवलीत, म्हणून ही माणसं पैसा आणि भट्टी घेऊन आली. वाळू तुमची खरी. पण वाळू हजारो वर्षं नदीत पडून होती, तिची काच कोणी केली? आणि मोबदला घेणाराच ठरवणार असेल तर त्याला मोबदला कशाला म्हणायचं, बक्षीस म्हणा.

आणखी एक. आपल्या कारखान्याच्या वरच्या अंगाला तो साबणाचा कारखाना आहे. त्याचा फेस नदीत येतो, मासे उलटे तरंगतात, सगळं गाव नाक धरून पूल ओलांडतं. तो देशातल्याच माणसाचा आहे, मंत्र्यांच्या व्याह्याचा. त्याला तुमचा बिल्ला का नाही? नदीसाठी घेतलंत की परक्याचं म्हणून घेतलंत? याचं उत्तर द्या, बाकी अनुप्रास राहू देत. आणि ते 'व्यक्ती' कशाला घातलंय?

कंपनी सरकारविरुद्ध लवादाकडे गेली आहे आणि तिने पत्रक काढलंय. कारखान्यातल्या कोणाशीही पत्रव्यवहार करायचा नाही, सल्ला तर अजिबात द्यायचा नाही. तेव्हा हे पत्र साडूला आहे, प्रशासकाला नाही. दोघांनी ते एकमेकांना दाखवू नये.

धाकटा साडू

*

२५ एप्रिल

साडूबुवा,

पत्र साडूला मिळालं. प्रशासक शेजारीच बसला होता, पण मी कागद तिरका धरून वाचला.

आधी मोबदला. समितीची बैठक आमच्या पुढच्या खोलीत झाली, अध्यक्ष खुर्चीतच होते. तिचं वय, उजव्या हाताचा ढिलेपणा आणि स्टुलाचा अभाव लक्षात घेऊन मोबदला म्हणून तुम्हाला एक कुंडी मंजूर झाली आहे. मातीची, रोपासकट. रोप सध्या झोपलेलं दिसतं. अपील करायचं असल्यास माझ्याकडेच करावं.

तुम्ही विचारता, वाळूची काच कोणी केली. आगीने केली, कबूल. पण आग पोसणारे हात इथलेच ना? तुमच्या साहेबाने उभ्या आयुष्यात फावडंभर वाळू तरी भट्टीत टाकली आहे का? शब्द दिला होता म्हणता. शब्द पाळावा हे मी तुम्हाला काय सांगणार, माझं पोटच शब्दांवर आहे. पण बापाने दिलेल्या शब्दापायी नातवंडांनी किती काळ उपाशी राहावं, यालाही काही माप असेल की नाही? घरी आलेल्या पाहुण्याला हाकलू नये, खरं. पण पाहुणा विहिरीवर कुलूप घालून बसला तर किल्ली मागावीच लागते. तो देत नसेल तर घ्यावी लागते.

साबणाच्या कारखान्याविषयी तुमचा प्रश्न मार्मिक आहे. त्यावर सविस्तर लिहिणारच होतो, पण कागद इतकाच आहे.

'व्यक्ती' शोभेला आहे. कायद्यात अधूनमधून शोभा लागते.

भट्टी उत्तम. घंटा वेळच्या वेळी होते. भाषण तासाभराचं असेल, फार तर दोन. मोठ्या माणसांची भाषणं असतात तशीच. काच निघते आहे, थोडी हिरवट निघते, पण हिरवा रंग डोळ्यांना चांगला. उजव्या भिंतीशी दोन मोठे पंखे लावले आहेत, कामगारांना उकडतं म्हणून. तुमची निळी काच लावून मी पाहिलं. सगळं निळं दिसतं.

सध्या कामामुळे घरी यायला उशीर होतो. तब्येत छान.

तुमचा,
थोरला साडू

(समासात, निराळ्या अक्षरात:)

भाऊजी, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून लिहिते. ह्यांचं ऐकू नका. मेणबत्तीसारखं लोंबतंय. तीन विटा आत पडल्या, त्या दिवशी हे जेवले नाहीत आणि दुसऱ्या दिवशीही नाही. तुमच्या खुर्चीत बसणं कधीच सोडलंय. घरी असतातच कुठे? भट्टीवाला म्हणतो, साहेब नुसते घंटेखाली उभे असतात. मला विचारतात, "रुमाल धुतलास का?" धुतलाय म्हटलं, चार वेळा. काही सांगण्यासारखं असेल तर सांगा. आणि कुंडीतलं रोप झोपलेलं नाही, ते गेलंय. — ताई

*

६ मे

साडूमहाराज,

माणसांना उकडतं म्हणून कोणी भिंतीला पंखे लावत नाही. ताईंच्या ओळी नसत्या तरी पंख्यांवरूनच कळलं असतं. तुम्ही खोटं फार वाईट लिहिता, एरवी इतकं चांगलं लिहिता म्हणून.

पत्र वाचून मी साहेबांकडे गेलो. साहेब वाईट माणूस नाही. धाकटी आजारी होती तेव्हा दोनदा घरी आला, फुलं घेऊन. मी म्हटलं, कमान खाली येतेय, इथून सल्ला द्यायची परवानगी द्या. तो म्हणाला, "पडू दे. भट्टी पडली तर लवादापुढे आपल्याला तोंड उघडावंच लागणार नाही. त्यांना चालवता येत नाही, हे आपोआप सिद्ध होईल."

मी म्हटलं, "पण तुम्ही तर म्हणता ती अजून आपलीच आहे."

म्हणाला, "आपलीच आहे म्हणून तर."

मी जिना उतरून खाली आलो आणि हे लिहायला बसलो. तुमचा मसुदा मला पटलेला नाही, अजूनही नाही. पण त्या एका वाक्याने कंपनीची बाजूही माझ्या हातून निसटली. आपली म्हणून मरू द्यायची, हे मला समजत नाही.

आता नीट वाचा. हे पत्र प्रशासकाला आहे, त्याला दाखवा. पाणी मारू नका, कोणी कितीही सांगितलं तरी नाही. तापलेल्या विटेवर पाणी पडलं की ती तडकते आणि मग सगळीच कमान येते. पंखे ठेवा, पण त्यांचं तोंड भिंतीकडे नको, वर कमानीच्या पाठीवर करा. डावीकडून सुटणाऱ्या ज्योतीचं तेल थोडं कमी करा, तीच उजव्या बाजूला भाजते. काच काढणं अर्ध्यावर आणा, मंत्री काहीही म्हणोत. कोठारात मागच्या भिंतीशी मी त्याच जातीच्या विटा ठेवून घेतल्या आहेत. त्या आधी हळूहळू तापवा आणि मग पडलेल्या जागी वरून बसवा. भट्टीवाल्याने माझ्याबरोबर एकदा हे केलंय. पण तेव्हा भोक लहान होतं आणि मी शेजारी होतो.

यायचं का, हे तुम्ही विचारलेलं नाही. ताईंनीही नाही. धाकटी मात्र रोज सकाळी विचारते. आलो तर इथले म्हणतील, चोरांना सामील झाला. तिथले म्हणतील, कंपनीने पेरलेला माणूस. मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही.

पत्राखाली सही ठसठशीत केली आहे. कोणी विचारलं तर दाखवा.

धाकटा साडू

ता. क. कुंडी नाकारत आहे. अपील करतो.

*

२० मे

साडूबुवा,

अपील मंजूर. खुर्ची तुम्हाला परत.

हे तितकं सोपं नव्हतं. बिल्ला एकदा लागला की तो काढायला प्रशासकाच्या नावे रीतसर अर्ज लागतो. म्हणून मी मला अर्ज लिहिला. मी तो वाचला, अर्जदाराचं अक्षर ओळखीचं वाटलं, शेरा मारला, 'मागणी रास्त दिसते', आणि मंजूर केला. मग पक्कड घेऊन बिल्ला उपटला. लाकडाला दोन भोकं पडली आहेत, त्यांचा मोबदला मागू नका. उजवा हात सुताराकडून बसवून घेतला. डॉक्टरीणबाईंकडे स्टूल मागायला गेलो होतो, त्या देत नाहीत. म्हणतात, घेतलेली वस्तू परत करायची सवय त्यांना नाही. म्हटलं, बाई, मंत्रिमंडळात या.

आता भट्टी. तुम्ही लिहिलंत तसंच केलं, शब्दाला शब्द. सुरुवातीलाच एकाने पाण्याची नळी आणली होती. तुमचं पत्र नसतं तर मीच म्हटलं असतं, मार. भट्टीवाल्याने विटा बसवल्या. ओल्या गोणपाटाखाली वाकून, लांब चिमट्याने, एकेक. मी खाली उभा राहून तुमचं पत्र मोठ्याने वाचत होतो. शेवटी तोच म्हणाला, "साहेब, पाठ झालंय मला, तुम्ही जरा गप्प राहता का?" राहिलो. भोक बुजलं. पण शेजारच्या दोन ओळी आता खाली झुकू लागल्या आहेत. भट्टीवाला म्हणतो, "ते असते तर सांगितलं असतं, हे किती दिवस धरेल." मला विचारतो, मी कमानीकडे बघतो, आणि आम्ही दोघेही चहाला जातो.

तुम्ही विचारलं होतं, 'व्यक्ती' कशाला घातलंय. मी म्हटलं होतं, शोभेला. परवा मंत्रिमहोदयांनी बोलावलं. हिरव्या काचेचा नमुना त्यांच्या टेबलावर होता. "तो कमानवाला इंजिनिअर आपल्याच देशाचा ना?" म्हणाले. मी म्हटलं, "हो." "मग घ्या ताब्यात. कलम चार आहे की. वास्तू, वस्तू आणि व्यक्ती. हुकूम काढा, महिनाअखेर हजर झाला नाही तर त्याचं इथलं घर जप्त करू." मी म्हटलं, "साहेब, तो माझा साडू आहे." ते म्हणाले, "मग तर काम आणखी सोपं."

हुकुमाचा मसुदा अर्थात माझ्याकडेच आला. मला एक ओळ लिहायची होती आणि खाली सही करायची होती. मी बसलो. शब्द सगळे तयार होते, माझेच होते. वाक्य लंगडतं म्हणून तिसरा पाय मी दिला होता, आणि आता तो पाय तुमच्या दाराशी चालत येणार होता.

सही केली नाही. कागदावर लिहिलं: 'व्यक्ती ही मालमत्ता नव्हे. कलमात दुरुस्ती व्हावी. चूक मसुदा लिहिणाऱ्याची आहे.' त्याच्याखाली साबणाच्या कारखान्याविषयी तुमचा प्रश्न लिहिला, शब्दशः, उत्तराची जागा कोरी सोडून. तुम्हाला कागद संपला म्हणालो होतो, तो संपला नव्हता. फाइल वर गेली आहे. खाली येताना बहुधा माझी बदली घेऊन येईल. तुमच्या ज्योतीचीही बाजू सारखी बदलतात आणि त्यानेच भट्टी टिकते म्हणता, तेव्हा बदलीविषयी मी काही बोलत नाही. पण माझ्या जागी जो येईल तो कदाचित सही करील. तुमच्या घराची एक किल्ली आमच्या हिच्याकडे आहे, त्यातलं काय हलवून ठेवायचं ते तिला कळवा.

कारखाना घेणं बरोबर होतं की नाही? मला अजूनही वाटतं, होतं. नदी आपली आहे, आणि ज्याला ती परत हवी त्याने केव्हातरी हात पुढे करायलाच हवा होता. तुम्हाला तसं वाटत नाही, आणि तुम्ही मला पटवू नये, मी तुम्हाला पटवू नये, म्हणजे उरलेली वर्षं जेवणानंतर बोलायला विषय राहील. पण घेताना आम्ही मोजलं काय, तर खुर्च्या, टेबलं आणि मांजर. जी एक गोष्ट सतत पोसावी लागते तिला बिल्ला लावला आणि तिच्यासमोर भाषण केलं. तिचं तोंड मी माझ्या हाताने बांधलं.

तुमची खुर्ची मी घरी ठेवलेली नाही. ती भट्टीसमोर ठेवली आहे, घंटेखाली. तिच्यात कोणी बसत नाही, मीसुद्धा नाही, आणि यावर तुमच्या ताईंचा विश्वास बसलेला नाही. या, असं मी लिहीत नाही. जो हुकूम सरकारी कागदावर काढला नाही तो साडूच्या कागदावर काढायचा, हे बरं दिसत नाही. येऊ नका, असंही लिहीत नाही. धाकटीला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पंख्यांची तोंडं आम्ही आता बरोबर वर केली आहेत.

मी दिवसभर इथेच असतो. घंटा होते, भट्टीवाला दांडा ओढतो, आत ज्योत बाजू बदलते आणि क्षणभर सगळं बरं वाटतं. मग पुढची घंटा होईपर्यंत मला भीती वाटते.

तुमचा,
थोरला साडू